नारळ फोडायचा पाना

त्या वर्षी आमच्या घरात एवढंच ठरलं होतं, की गाडीचं एक चाक बदलायचं. पुढचं, डावीकडचं. पंक्चर झालेलं काढायचं आणि डिकीतली स्टेपनी लावायची. अर्ध्या तासाचं काम. (हा अर्धा तास नवरात्रातल्या सहाव्या दिवशी सुरू झाला आणि दसऱ्याला संध्याकाळी संपला.)

चाकाला चार नट. तीन नट बोलावल्यासारखे बाहेर आले. चौथा हलेना. आणि त्या चौथ्या नटाबद्दल त्याच्याशी झुंजणाऱ्या तीन पुरुषांना जे ठाऊक नव्हतं, ते मला ठाऊक होतं. पण मी घरातली नवी सून. नव्या सुनेनं नटांबद्दल बोलावं की नाही, हे मला माहेराहून कुणी सांगून पाठवलं नव्हतं.

सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यात लग्न होऊन मी धुळ्याहून बडोद्याला आले. धुळ्याला माझ्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. लग्नाच्या बायोडेटात आमच्या मामांनी त्याचं 'वाहन-व्यवसाय' केलं होतं, आणि माझ्या आवडींच्या रकान्यात 'वाचन, भरतकाम' लिहिलं होतं. खरं म्हणजे भरतकामातली मला सुई तेवढी ओळखू येते. लहानपणापासून मी वडिलांना पाने उचलून देत आले. कुठल्या नटाला कुठला पाना, हे मला नुसतं बघून कळतं. पण 'आवड : पाने' असं लिहिल्यावर कोण मुलगी बघायला येणार?

शिवाय मी बोलत नाही. म्हणजे बोलता येतं, पण नव्या घरात पहिला महिनाभर मी फक्त मान हलवली. 'चहा घेशील?' मान. 'साखर कमी लागते ना?' मान. (मला साखर जास्त लागते. चार महिने कमी साखरेचा चहा प्यायले.) शेजारच्या निरुपमाबेन तर आईंना म्हणजे सासूबाईंना म्हणाल्यासुद्धा, "सरोजिनीबेन, वहु तो बोलती ज नथी!" त्यालाही मी मान हलवली.

आता गाडीबद्दल. अप्पांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, पंच्याहत्तर सालची फियाट. अप्पांचे आजोबा संस्थानच्या मोटारखान्यात होते, हे मला लग्नाआधी दोनदा आणि लग्नानंतर पुष्कळदा सांगण्यात आलं. (आजोबा तिथे मिस्त्रींना खिडकीतून हत्यारं द्यायचे, हे एकदाच आणि ओझरतं सांगण्यात आलं.) त्यामुळे मोटार हा घराण्याचा विषय. दर दसऱ्याला दुपारी गाडीची पूजा व्हायची आणि सूर्यास्ताच्या आत अख्खं कुटुंब त्या गाडीतून सीमोल्लंघनाला निघायचं. सीमा म्हणजे जकात नाका. गाव वाढलं तसा नाका लांब गेला, तशी अप्पांची सीमासुद्धा लांब गेली; पण बावीस वर्षांत एक दसरा चुकला नव्हता.

माझा नवरा उन्मेष विमा कंपनीत आहे. त्याला नवी गाडी हवी होती. त्या सुमारास बडोद्यात दर महिन्याला एखादं शोरूम उघडत होतं आणि उन्मेष तिथल्या चकचकीत कागदांचे गठ्ठे घरी आणत होता. शेवटी एका जेवणाला अप्पा वैतागून म्हणाले,

"या दसऱ्याला माझी गाडी नाक्याच्या पलीकडे गेली नाही, तर त्याच दिवशी विकून टाक. बस?"

"शब्द?" उन्मेषनं विचारलं.

"शब्द."

पंधरा दिवसांनी चाक पंक्चर होऊन बसलं. अप्पांनी त्या चाकाकडे पाहिलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला बघवलं नाही. कारण ते माझ्यामुळे होतं.

जून महिन्यात उन्मेष आणि मी पावागडला गेलो होतो. परत येताना हेच चाक पंक्चर झालं. उन्मेषनं एकट्यानं चाक बदललं (मी सावलीत बसून कौतुक केलं, ते माझं काम होतं) आणि तो टपरीवर हात धुवायला गेला. मी सहज नट बघितले. चारही ढिले! वडिलांचं वाक्य कानात वाजलं : "नट असा आवळावा, की उघडणाऱ्याला आवळणाऱ्याची आठवण आली पाहिजे." मी पदर खोचला, पाना लावला आणि पान्यावर पाय देऊन उभी राहिले. वडील असंच करतात. एक नट झाला, तेवढ्यात समोरून यात्रेकरूंची बस आली आणि अख्खी बस खिडकीतून माझ्याकडे बघायला लागली. लाजून मी उरलेले तीन नट हातानंच कसेबसे फिरवले आणि पाना दिसेल त्या पिशवीत टाकला.

ती प्रसादाची पिशवी होती.

घरी आईंनी ती उघडली, तेव्हा समोर निरुपमाबेन बसल्या होत्या. नारळ निघाला, चुनरी निघाली, खडीसाखर निघाली आणि हातभर लांबीचा लोखंडी पाना निघाला.

"हे काय गं?" आई म्हणाल्या. त्यांनी तो हातात तोलला. "नारळ फोडायचं का? तुझ्या माहेरचं?"

मी मान हलवली.

सांगितलं ना, त्या महिन्यात मी सगळ्यालाच हलवत होते.

"जबरुं छे!" निरुपमाबेन म्हणाल्या. त्यांनी लगेच त्यानं एक नारळ फोडून पाहिला. एका घावात दोन वाट्या. तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात 'देवश्रीच्या माहेरचं' उभं असे. उन्मेष आणि अप्पा स्वयंपाकघरात फ्रिजच्या पुढे येत नाहीत, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही.

आणि म्हणूनच ऑक्टोबरात चाक बसलं, तेव्हाही अप्पा जूनपासून शोधत असलेला गाडीचा स्वतःचा पाना कुठे मिळेना. डिकी उपसली, सीटखाली पाहिलं. नाही. अप्पा हताश होऊन म्हणाले, "जाऊ दे. मग हत्यार कुठलं वापरायचं?"

हा प्रश्न विचारायला नको होता.

उन्मेष म्हणाला, "इलेक्ट्रिक." त्यानं उन्हाळ्यात प्रदर्शनातून एक इलेक्ट्रिक मशीन आणलं होतं. नट लावतं, नट काढतं, भिंतीला भोकं पाडतं, असं त्यावर लिहिलेलं होतं. आजवर त्यानं फक्त भोकं पाडली होती, तीसुद्धा कॅलेंडर जिथे लावायचं त्याच्या शेजारी.

उन्मेषचा आतेभाऊ इंद्रनील गोरव्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. तो चहाला आला होता. तो हसला. "मामा, हे खेळणं आहे. आमच्याकडे सगळं हवेवर चालतं. कॉम्प्रेसर, होज, एअर गन. नटाला नुसती गन दाखवली की नट बाहेर येतो."

"आणि हात कशाला दिलेत देवानं?" अप्पा म्हणाले. त्यांनी कपाटातून आजोबांची पेटी काढली. एकेक पाना तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला. "हे मोटारखान्यातले आहेत. अस्सल विलायती. यांना ना करंट लागतो, ना हवा."

मी दारात उभी राहून ओट्याच्या कोपऱ्याकडे बघितलं. आत्ता सांगितलं असतं तर? पण मग आईंना सांगावं लागलं असतं, की तुम्ही चार महिने पाहुण्यांना दाखवताय ते माझ्या माहेरचं नाही, तुमच्याच गाडीचं आहे. आणि तो नट मीच पाय देऊन आवळलाय. आणि मला भरतकाम येत नाही. एकातून एक निघालंच असतं. मी आत जाऊन चहा टाकला. (कमी साखरेचा.)

पहिला मान इलेक्ट्रिकला. उन्मेष ऑफिसातून आला की सात वाजलेले. त्यानं जॅक लावून चाक उचललं, मशीन नटाला टेकवलं आणि बटण दाबलं. तीन नट निघाले; चौथ्याला मशीननं नुसती गुरगुर केली आणि नटासकट अख्खं चाक गरागरा फिरलं.

"चाक धर, चाक धर!" उन्मेष ओरडला.

अप्पांनी चाक धरलं. तेवढ्यात आमच्या मांजलपूरच्या सोसायटीतल्या गरब्याच्या मांडवात लाइट आणि माइक एकदम लागले. व्होल्टेज पडलं. मशीन म्हाताऱ्या माणसासारखं खोकलं आणि थांबलं. ते बंद झालं तरी अप्पा चाकाला मिठी मारून बसलेलेच होते.

"आता सोडू का रे?"

दुसऱ्या दिवशी इंद्रनील टेम्पोतून कॉम्प्रेसर घेऊन आला. मोठा कॉम्प्रेसर कारखान्यानं दिला नव्हता. हा रंग मारायचा, डेऱ्याएवढा. उतरवल्यावर त्यानं वायर पुढे केली.

"प्लग कुठे आहे?"

"म्हणजे हवेला पण करंट लागतो?" अप्पांनी शांतपणे विचारलं.

इंद्रनील वायर घेऊन प्लग शोधायला गेला. कॉम्प्रेसर सुरू झाला तसा फाटकावरचा कावळा उडाला, तो दिवाळीपर्यंत परतला नाही. हवा भरली. इंद्रनीलनं गन उचलली आणि तोंडानं "बघा हं" म्हणाला, त्याच क्षणी होज सांध्यातून निसटला. तो नागासारखा उसळून अंगणभर फिरला, आईंची रांगोळी एका फुंकरीत साफ केली आणि निरुपमाबेननी वाळत घातलेला गरब्याचा घागरा कुंपणापलीकडून आमच्या फियाटवर आणून टाकला. भर दुपारी गाडी आरसे लावलेला लाल घागरा घालून उभी.

"हाय हाय, मारो चणियो!" निरुपमाबेन धावत आल्या.

होज पुन्हा बसवला. गन लावली. चाक पुन्हा गरागरा फिरलं. या वेळी मिठी मारायला उन्मेष होता. मग फ्यूज गेला.

तिसरा दिवस हातांचा. अप्पांनी सोवळ्यात असल्यासारखा एकेक पाना काढला. पण ती हत्यारं जुन्या इंचाच्या मापाची. कुठला पाना नटाला जरा मोठा, तर कुठला जरा लहान. मोठा लावला की तो नटाचे कोपरे खाऊन गोल फिरायचा आणि अप्पांची बोटं मडगार्डवर आपटायची. तिसऱ्यांदा आपटल्यावर ते उठले. बोटं पाण्यात बुडवून गाडीकडे बघत बसले. उन्मेषसुद्धा तेव्हा शोरूमचे कागद घेऊन आतल्या खोलीत गेला. जिंकत असलेला माणूस इतका वाईट चेहरा करून बसलेला मी पहिल्यांदा पाहिला.

मेकॅनिकला बोलवावं हे कुणालाच का सुचलं नाही, असं तुम्ही विचाराल. सुचलं होतं, आईंना. "मोटारखान्याच्या घरात मिस्त्री?" अप्पा एवढंच म्हणाले होते, आणि विषय संपला होता.

मग खंडेनवमी आली. आमच्या घरी त्या दिवशी हत्यारांची पूजा असते, आणि नियम कडक : पाटावर मांडलेलं हत्यार दसऱ्याला सोनं वाटून होईपर्यंत उचलायचं नाही. हा नियम अप्पांच्या वडिलांनी घातलेला आणि अप्पांनी जपलेला. आईंनी सकाळी घरातलं सगळं लोखंड गोळा केलं. आजोबांची पेटी मांडली. शेजारी उन्मेषचं मशीन, त्याच्या शेजारी एअर गन. कॉम्प्रेसर पाटावर मावेना, म्हणून त्याला अंगणातच झेंडूची माळ घातली आणि कुंकू लावलं. विळी, कात्री, अडकित्ता सगळं गेलं. तीन दिवस एकमेकांवर गुरगुरणारे तिन्ही पंथ एका पाटावर गपगुमान बसले.

हळद-कुंकू वाहून झाल्यावर उन्मेष म्हणाला, "अप्पा... मग आता नट कशानं काढणार?"

अप्पांनी पाटाकडे पाहिलं. पाटावरचं एक फूल घरंगळलं.

"उचला की हो," आई हळूच म्हणाल्या. "देव काही म्हणायचा नाही."

"देव नाही म्हणणार. मी म्हणीन ना," अप्पा म्हणाले आणि उठून गेले.

दसऱ्याला दुपारी गाडीची पूजा झाली. अप्पांनी आपल्या हातानं तिला न्हाऊ घातलं, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, हार घातला. पुढचं डावं चाक जॅकवर, तीन नट बशीत. शेवटची पूजा आहे हे सगळ्यांना कळत होतं. निरुपमाबेन कुंपणाशी पदर डोळ्यांना लावून उभ्या होत्या. चार वाजून गेले होते.

"नारळ फोडायचा राहिला," आई म्हणाल्या. "देवश्री, तुझं माहेरचं आण बाई. नारळाला लागेल म्हणून मी ते पूजेत ठेवलं नाही."

मी आत गेले. ओट्याच्या कोपऱ्यात तो उभा होता. पाना दोन्ही हातांत धरून मी गाडीसमोर येऊन उभी राहिले.

इंद्रनीलनं तोंड उघडलं. "वहिनी, हा तर व्हील पा..."

उन्मेष पान्याकडून नटाकडे बघायला लागला.

अप्पांनी पाना माझ्या हातातून घेतला. उलटा केला. दांड्यावर खिळ्यानं कोरलेलं 'दा' होतं. अप्पांच्या दामोदर या नावातलं. त्यांनीच कधीतरी कोरलेलं असणार. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि मान हलवायची सोय नव्हती, कारण कुणी काही विचारलंच नव्हतं.

"तिच्या माहेरचं आहे ते," आई म्हणाल्या.

"दिसतंच आहे," अप्पा म्हणाले. "धुळ्याचं लोखंड. असं आपल्याकडे मिळत नाही." मग आईंकडे वळून म्हणाले, "सरोजिनी, हे पूजेतलं नाही ना?"

"नाही बाई. ते नारळाचं."

"मग चालसे."

त्या एका गुजराती 'चालसे'चे, म्हणजे 'चालेल'चे, उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

अप्पांनी पाना नटाला लावला. चपखल बसला. जोर केला. चाक फिरलं. इंद्रनीलनं केला, चाक फिरलं. उन्मेषनं सवयीनं मिठी मारली. तेव्हा, बडोद्यात आल्यापासूनचं माझं पहिलं मोठं वाक्य मी बोलले.

"अहो, आधी जॅक उतरवा. चाक अधांतरी असल्यावर नट कसा सुटेल? ते तीन नट हातानं परत लावा, चाक जमिनीला टेकवा, मग जोर करा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुंपणापलीकडून आवाज आला, "अरे, वहु बोली!"

जॅक उतरवला. मी पदर खोचला, पाना लावला आणि आधी नट केसभर आवळला. ("उलटं फिरवतेय ती," उन्मेष कुजबुजला.) गंजलेला नट आधी जरा आवळायचा, मग सोडायचा, ही वडिलांची पद्धत. मग पान्यावर पाय ठेवून उभी राहिले. नटानं एक किंकाळी फोडली आणि फिरला. समोरासमोर भेटलेल्या जुन्या ओळखीच्या माणसासारखा.

पुढे स्टेपनी काढली, तर तिच्यात हवा नव्हती. चौघांनी एकदम माळ घातलेल्या कॉम्प्रेसरकडे पाहिलं आणि मान खाली घातली. निरुपमाबेन धावत जाऊन स्कूटरचा पायपंप घेऊन आल्या. साठ पंप अप्पांनी मारले, शंभर इंद्रनीलनं, शंभर उन्मेषनं, आणि शेवटचे वीस निरुपमाबेननी, गरब्याच्या तालात. कारखान्याची हवा बाजूला राहिली. पायानं भरलेली लागली.

चाक बसलं. अप्पांनी पाना माझ्यासमोर धरला. "आवळ बेटा. तुझ्या पद्धतीनं."

मी चारही नट आवळले. मनापासून. एकेका नटावर दोनदा उभी राहिले. इतकी कृतज्ञता मी आजवर कशावरच ओतली नव्हती.

सूर्य बुडायला दहा मिनिटं असताना आमच्या फियाटनं जकात नाका ओलांडला. पलीकडे गाडी थांबवून अप्पांनी आपट्याची पानं काढली. पहिलं सोनं मला दिलं. उन्मेषनं खिशातून शोरूमचा कागद काढला, त्यात भजी बांधून घेतली आणि म्हणाला, "हरलो बुवा." इतका आनंदानं हरलेला माणूसही मी पहिल्यांदाच पाहिला.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात आईंना सगळं सांगून टाकलं. पाना, पावागड, बस, भरतकाम, साखर. त्या पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं नाही.

"पाना गाडीचा आहे हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं गं. 'दा' काय मला वाचता येत नाही?"

"मग तुम्ही बोलला नाहीत?"

"तुझ्या सासऱ्यांच्या हातात पाना पडला, की माझा अख्खा रविवार गाडीखाली जातो. चार महिने रविवारी माणूस घरात होतं. भाजी आणत होतं." त्यांनी पोळी तव्यावर टाकली. "शिवाय नारळ सुरेख फुटत होता. आणि साखरेचं आधी सांगायचं होतंस, वेडे."

त्या रात्रीच्या चहापासून माझ्या कपात दोन चमचे पडू लागले.

इथे गोष्ट संपली असती तर मी आज मोठी हुशार ठरले असते. पण सोमवारी पंक्चर काढलेलं चाक परत आलं, आणि अप्पा म्हणाले, स्टेपनी उतरवून आपलं चाक लावू या. जॅक लावला नाही, चाक जमिनीवर, पाना चपखल, सगळं माझ्या पद्धतीनं. पहिला नट हलला नाही. दुसरा, तिसरा, चौथा, एकही हलला नाही. आधी केसभर आवळून बघायला गेले, तर तेवढीही जागा उरली नव्हती. पान्यावर मी उभी राहिले, मग उन्मेष उभा राहिला, मग आम्ही दोघं एकदम उभे राहिलो. निरुपमाबेन बघत होत्या, म्हणून उतरलो.

हत्यारं आता पूजेतून मोकळी होती. मशीन आलं, गोरव्याहून कॉम्प्रेसर पुन्हा आला, आजोबांची पेटी उघडली. संध्याकाळी सगळ्यांच्या आग्रहावरून मी एसटीडी बूथवर जाऊन धुळ्याला फोन लावला. वडिलांना नट, पाना, गंज सगळं नीट समजावून सांगितलं.

"रॉकेल सोडून पाहिलंस?" त्यांनी विचारलं.

"पाहिलं."

"पान्याला लांब पाइप?"

"लावला. पाइप वाकला."

"आवळले कुणी होते?"

"मीच, बाबा."

पलीकडून एक लांब, समाधानी उसासा ऐकू आला.

"तू आवळलेस? मग पोरी, जावयांना सांग, नवीन गाडीच घ्या."